संदलाचं दूध

३ जानेवारी
प्रकाशकांचा फोन. पहिली आवृत्ती संपत आली. वाचकांचे अभिप्राय पाठवलेत. बहुतेकांना शेवट आवडला. "दर्ग्याच्या मुजावराला दुधातून विष देणारी पाटलीण असेल, असं मनातही आलं नव्हतं." परभणीच्या एका बाईंचं मत वेगळं: देवाधर्माची पानं जास्त झाली, खून लवकर करायचा होता. बरोबर आहे त्यांचं. दोन प्रकरणं कापता आली असती.

५ जानेवारी
मंठ्याच्या बाजारात गेल्तो. चहाच्या टपरीवर गावातल्याच एकानं हाक मारली. "सर, नावं बदलली म्हून काय झालं? मुजावर म्हंजे आपले गफूरचाचा. आन् पाटलीण कोण, ते बी वळखलं आम्ही."
म्हटलं, कादंबरी आहे बाबा.
"मंग? आम्ही कुठं न्हाई म्हणून राह्यलो?"
उरुसाला दर्ग्यावर चढवायचं संदलाचं चंदन पाटलांच्या घरी उगाळायचं, ते न्यायला आलेल्या मुजावरानं तिथं दूध प्यायचं. गावातलं घेतलं ते एवढंच. बाकी सगळं रचलेलं.

८ जानेवारी
गफूरचाचा दर्ग्यापुढं उन्हाला बसलेले. नातीनं पुस्तक वाचून दाखवलं म्हणे. "लेखकसाब, मारलं ते मारलं. निदान पेला तरी पुरा पिऊ द्यायचा!" खोकला येईपर्यंत हसले. मुलगा सलीम शेजारीच होता. तो हसला नाही.

१२ जानेवारी
सुमनवहिनींकडे. दत्ता पाटील माझा शाळेपासूनचा मित्र. तो गेल्यापासून चंदनाचं सगळं वहिनीच बघतात. पहिली प्रत त्यांनाच दिली होती. देवघरात ठेवली होती, न उघडता.
"आता वाचलं, भाऊजी."
"बाई लई हुशार दाखवली तुम्ही."
किराणावाल्याची बायको विचारत होती म्हणे, "काकू, तुमच्या हातचं खावं का न्हाई आता?" थट्टाच. पण रोजची.

१६ जानेवारी
सलीम आला. बसला नाही.
"काका, खोटं हाय ते मला कळतं. पण अब्बाचं वय झालं. उद्या नुस्ती छाती दुखली तरी लोक कुणाचं नाव घेतील? काकूंचंच. यंदा दूध नको."
वहिनींच्या भल्याचंच बोलत होता.
प्रकाशकांना दुसऱ्या आवृत्तीसाठी मनोगताच्या चार ओळी हव्यात, आजच. दिल्या नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

२१ जानेवारी
संदल. सकाळपासून वहिनी सहाणेवर. मग वेलदोडा घालून दूध तापवलं. संध्याकाळी डफ वाजत संदलाची मिरवणूक वहिनींच्या दारात आली. चाचा ओट्यावर चढले, चंदनाची वाटी सलीमकडे दिली. वहिनींनी पेला पुढं केला.
"अब्बा, शुगर हाय ना तुम्हाला. नको."
डफ थांबला. सगळी गल्ली ऐकत होती.
"चूप रे. हिच्या सासूच्या हातचं पिऊन म्हातारा झालो मी." चाचांनी पेला घेतला.
सलीमनं त्यांचं मनगट धरलं, हलकेच. चाचांनी त्याच्याकडं पाहिलं. मग वहिनींकडं. खांद्यावरचा रुमाल काढून पेल्यावर टाकला.
"घरी पितो, सुमनबेटी. आरामात बसून."
तसेच चालत गेले. सांडू नये म्हणून हळूहळू. अख्खा संदल त्यांच्यामागं हळू.

२२ जानेवारी
सलीमच्या बायकोनं पेला वहिनींना आणून दिला. घासलेला. आत रेवड्या, भांडं रिकामं परत करत नाहीत.
वहिनींनी मला बोलावून घेतलं. "भाऊजी, चाचा दूध पेले असतील ना?"
म्हटलं, पेलेच असतील.
पेला त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. "तुम्ही एकदा इचारून या ना."
गेलो. चाचा उन्हाला बसले होते. सरकून जागा दिली. यंदाच्या गर्दीबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो. ऊन भिंतीवरून गेलं. सलीम दोघांना चहा ठेवून गेला.
विचारलं नाही. चाचांनीही विषय काढला नाही.
वहिनींच्या घरावरून यायचं टाळलं. मागच्या गल्लीनं आलो.