चाळीस काड्या

९ जून

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. चष्म्याची दांडी तुटली होती आणि घट्ट झाकणाचा डबा कुठे मिळेना. तुम्ही बंधाऱ्याखाली राहता, मला इथे घास गोड लागत नाही. म्हणून ट्रकवाल्याबरोबर पिशवी पाठवली आहे. दोर, शिट्टी, ताडपत्री आणि डब्यात चाळीस काड्या. एकेका काडीचं डोकं मी मेणात बुडवलं आहे, पाण्यात पडली तरी बिघडायची नाही. तीस वर्षं जंगलात पहारा केला, एवढं मला कळतं.

पिशवी माळ्यावर टाकू नकोस, दाराशी खिळ्याला लटकव. पाणी चढलं की सामान बघत बसायचं नाही. ठमीला पाठीशी बांधायचं आणि टाकीच्या टेकडीवर जायचं. काड्या मोजून दिल्या आहेत, गंमत म्हणून एकही ओढायची नाही. जावईबापू हसतील, हसू देत.

तुझे बाबा


३ ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न.

आधी हे वाचा: आम्ही तिघंही सुखरूप आहोत. मंगळवारी भर दुपारी बंधारा फुटला. मी शिवत होते ते मशीनवर तसंच सोडलं, ठमीला पाठीशी बांधलं, ह्यांनी पिशवी ओढली. चढाच्या रस्त्यावर कमरेएवढी धार होती. तुमचा दोर खांबाला बांधून पार झालो. शेजारचा न्हावी आणि त्याची आईसुद्धा त्याच दोराला धरून आली. दोन दिवस ताडपत्रीखाली काढले. तिसऱ्या दिवशी शिट्टी ऐकून होडी आली.

पण बाबा, एकही काडी पेटली नाही. दगडावर घासली, टाकीच्या भिंतीवर घासली, ह्यांच्या पट्ट्यावर घासली. काड्या कोरड्या ठणठणीत, पण पेटी कुठे? हे कुडकुडत म्हणाले, सासरेबुवांनी पेटी घर राखायला ठेवलेली दिसते. जूनमध्येच ह्यांना एक ओढून बघायची होती, तेव्हा तुमची ताकीद म्हणून मीच हातावर चापट मारली होती.

ठमी मात्र ओल्यात राहून तापली आहे. शाळेच्या वर्गात आसरा मिळालाय, डॉक्टर रोज येतात.

तुमची बाळी


७ ऑगस्ट

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पेटी सापडली, खिडकीत पडली होती. माझ्या नोकरीत मिळायच्या त्या काड्या कशावरही घासल्या तरी पेटायच्या. हल्लीच्या पेटीशिवाय पेटत नाहीत, हे काल वाण्यानं सांगितलं. घरात मी लायटर वापरतो, मला काय ठाऊक? शिकवायला निघालो आणि मीच कच्चा निघालो. पोर माझ्यापायी गारठली.

पाकिटात पेटीच्या दोन्ही बाजू कापून, मेणकागदात गुंडाळून घातल्या आहेत. त्या काड्यांच्या डब्यात ठेव. आणि मागचा हुकूम रद्द. ठमीला समोर बसव आणि जावईबापूंना एक काडी ओढू दे. नाही पेटली तर दुसरी ओढा. पेटली की नाही आणि ताप उतरला की नाही, दोन्ही उलट टपाली कळव.

तुझे बाबा

ता. क. आधी तापाचं लिही.