आपल्या जमिनीवरचा बीच आणि नगराध्यक्षांचा बूट

चि. कल्याण यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे लंकाचे, पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? आरती कशी आहे? संगमनेरला उकाडा असेलच. इकडं मी ठणठणीत, म्हैस ठणठणीत, फक्त आपली तळ्याकाठची जमीन जायच्या बेतात आहे.

नगरपंचायत तिथं बीच करणार आहे. (हसू नकोस, माझं हसून झालंय.) लोकांनी सुट्टीत यायचं, वाळूत लोळायचं, तळ्यात पोहायचं. वाळू बाहेरून आणणार म्हणे. आपल्याकडची वाळू आजवर नुसती जातानाच पाहिली, येताना पहिल्यांदाच दिसेल. नगराध्यक्ष भाऊसाहेब स्वतः घरी आले नि म्हणाले, जागा द्या, बीचला तुमचं नाव देऊ. मी म्हटलं, "लंका बीच? मग लोक पासपोर्ट घेऊन येतील." जागा देत नाही म्हणून सांगितलं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर माझी वांगी नि म्हशीचा घास येतो, तो काय वाळूत येणार?

तरी मंगळवारी सगळे पाहणीला आले. इंजिनियर स्नेहल मॅडमचा नकाशा पावसाळ्यातला, त्यामुळं नकाशात पाणी जिथं, तिथं आता बाभळी. भाऊसाहेबांना तर पाण्यापाशी फोटो हवा. ते पांढऱ्या बुटात निघाले. मी ओरडले, "साहेब, पुढं गाळ हाय!" त्यांना वाटलं, ही पुन्हा आडवी आली. "हरकत लेखी द्या," म्हणाले नि पुढचं पाऊल टाकलं ते थेट मांडीपर्यंत.

कार्यकर्ते काठावर उभे राहून मोबाईलवर शूटिंग करायला लागले. (कोणाला कपडे प्यारे, कोणाला व्हिडिओ.) शेवटी मी म्हशीचं दावं आणून फेकलं. त्यांनी धरलं. मी मात्र ओढेना.

"लंकाताई, ओढा की वो!"

"ओढते. पन सकाळचे दोन तास बीच फक्त बायांसाठी. म्हशींना येगळा घाट. नि काठाची एक पट्टी माझ्या वांग्यांना."

"समदं मान्य!"

"लेखी द्या."

स्नेहल मॅडमनी नकाशाच्या पाठीवर लिहिलं, भाऊसाहेबांनी गाळातूनच सही ठोकली. हसू दाबताना मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला. मग आम्ही दोघींनी त्यांना ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. म्हणजे भूसंपादन व्हायच्या आधी बूटसंपादन झालं, नि तेही आपल्याकडून.

तर कोणाचाही फोन आला तरी तू ठाम राहा. बापाची जमीन आहे. मी काही सही करणार नाही.

तुझी अक्का

ता.क. सही केली. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, तेव्हा सोमवारी निमूट ये.

ता.क. आरतीला सांग, पोहायचा ड्रेस घे, पूर्ण बाह्यांचा, गडद, माझ्या मापाचा. दोन घे. शेजारच्या भिमाबाईनं काल कॅनॉलच्या कडेला लुगड्यात पोहून पाहिलं, ती इकडं नि लुगडं तिकडं.

ता.क. तुम्ही भाऊ तळ्यात डुंबायचात, तेव्हा मी काठावर तुमचे कपडे राखत बसायचे. मलाही उतरायचं होतं, कोणी विचारलं नाही. आता बीच झाला की तूही ये. बायकांच्या वेळेत तुला आत सोडणार नाहीत, पण फाटकाबाहेर बसून माझ्या चपला राखता येतील.