रडायची मनाई

सिंदेवाही

प्रिय सत्यशीले,

नूतनचा जय भीम.

धान घरात आलं, पण यंदा नव्या तांदळाची खीर नाई केली. कोणासाठी करू वं? खीर आवडणारी माही लेक प्रियाच गेली. ताडोबाच्या कडेले तू होमस्टे काढलं, नवंनवं लायसन भेटलं, तर पोरगी हट्टानं तुही पहिली पाहुणी म्हणून आली. वाघ दिसन म्हणून तुह्या मचाणीवर चढली, कठड्याचा बांबू तुटला अन् सारं संपलं.

खरं सांगू, राग मले बांबूचा नव्हता आला. बांबू कोणाचाही तुटते. राग आला तो तू मातीले आली तेव्हा. आपल्या बाया फाटकापासूनच हंबरडा फोडत येतात, गळ्यात पडतात. मी तुह्याचसाठी थांबून होती. अन् तू आली ती ओठ दाताखाली धरून. कोपऱ्यात बसली, डोळ्यात टिपूस नाई, अन् उठून गेली. चामोर्शीले शाळेत एका ताटात जेवलेली माही मैत्रीण! दगड आहे मेली, असं मी शेजारच्या सुगंधाबाईपाशी किती वेळा बोलली असन.

परवा विम्यावाला माणूस आला. पाहुण्याले काही झालं तर भरपाई भेटावी म्हणून लायसनवाल्याले विमा काढावाच लागते, अन् मालकानं कोणापुढं चूक कबूल करायची नाई, अशी त्यात अट असते म्हणे. मातीच्या दिवशी सकाळी त्यानंच तुले फोनवर बजावलं होतं. तू विचारलं, बोलली तर नूतनले काहीच नाई भेटणार का? तो म्हणाला, अवघड होईल. आता तो मले म्हणते, बाई, मी त्यांना रडू नका असं थोडीच म्हटलं होतं!

त्याले काय माहीत, आपलं रडणं मुकं नसते. माह्या गळ्यात पडली असती तर 'माह्याच घरी घात झाला वं लेकरा' हे निघालंच असतं तुह्या तोंडून. म्हणून तू रडलीच नाई. माह्यासाठी. अन् मी तुले दगड म्हटलं.

काल मी भरपाईचा दावा मागं घेतला. प्रियाचे बाबा आधी चिडले, मंग त्यांनीही सही केली. आता तुह्या तोंडाले कोणाची मनाई नाई. रविवारी घरी प्रियाच्या आठवणीचं पुण्यानुमोदन आहे, ये. फाटकापासूनच ओरडत ये, काय म्हणायचं ते म्हण. एकटीनं रडून माहं रडणं सरतच नाई वं.

तुहीच,
नूतन