इराला खाला आठवत नाहीत

ओजिमा, टोकियो, ईदची संध्याकाळ

मस्कतहून मरियमखालांचा व्हिडिओ कॉल आला. तिथे राहायचो तेव्हा आम्ही दोघं नोकरीवर गेलो की इराला त्याच सांभाळायच्या, ती चार वर्षांची होईपर्यंत. त्यांनी भरवल्याशिवाय जेवायची नाही पोरगी. दर ईदला तिच्यासाठी फ्रॉक शिवतात, अजूनही. यंदाचा हिरवा. अंदाजाने शिवलेला, नऊ वर्षांच्या मुलीला कसा होणार?

इराने फोनकडे पाहिलं आणि मला जपानीत विचारलं, "ही कोण?"

"क्या बोला मेरा बच्ची?" खालांनी विचारलं.

"ईद मुबारक म्हणतेय," मी हिंदीत सांगितलं.

इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, न बोललेलं वाक्य कुणाच्या तोंडी घातलं नाही. आज घातलं. दुसरं काय सांगणार होते? पाच वर्षांत खालांची एक तरी गोष्ट मी इराला सांगितली का? शाळा, क्लास, जपानी, एवढंच. आणि त्या तो हिरवा फ्रॉक कॅमेऱ्यासमोर धरून बसलेल्या.

त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. "सुनो, इरा मेरे को ईद मुबारक बोला! फिर बोलो बेटा, सब सुनेगा."

इरा माझ्याकडे बघत राहिली. मी कॉल बंद केला. मग खालांना "नेट गेलं" असा मेसेज पाठवला.