अपूर्णांकांच्या तासातला आवाज

अहो,

मी शाळेत जातेय. अपूर्णांकांचा तास पुन्हा रेकॉर्ड करायचाय, आज सुट्टी म्हणून वर्ग रिकामा मिळेल. जेवण झाकून ठेवलंय. ताटलीचा एखादा तुकडा अजून ओट्याखाली असेल, सोनीला तिथे अनवाणी जाऊ देऊ नका.

परवा मी घरून ऑनलाइन तास घेत असताना तुम्ही स्वयंपाकघरातून माझ्यावर ओरडत होतात, तेव्हा माझा माइक चालू होता. बंद करेपर्यंत सगळं वर्गात गेलं, ताटली फुटल्याचा आवाजसुद्धा. तो तास शाळेच्या ॲपवर आहे. सोमवारी परीक्षा, त्यामुळे मुलं तो परत परत लावतायत. अंश-छेद राहिले बाजूला, तुम्हीच पाठ झाला असाल. नवा तास दिल्याशिवाय मोठ्या बाई जुना काढणार नाहीत.

शेजारचा टीव्ही मोठ्याने चालू होता, असं मी मुलांना सांगितलंय. कुणा पालकांचा फोन आला तर तुम्हीही तेच सांगा.

काल एका मुलीने फक्त मला दिसेल असा मेसेज पाठवला. ‘मॅडम, आमच्या घरीपण असाच टीव्ही आहे. बाबा आले की लागतो.’

तिला काय उत्तर द्यायचं, ते मी येईपर्यंत विचार करून ठेवा.