काळे थेंब किती पडतील

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या रंगाच्या दुकानात माझ्या हातचं काय काय आहे, एकदा बघ: काउंटर, मागची फळ्यांची मांडणी, डबे हलवायचं यंत्र, आणि रंग मिसळायचा प्रोग्राम. तो लिहायला मला कुणी शिकवलं नव्हतं. रंग ओतण्याआधी मशीन प्रश्न विचारतं म्हणून मेहुणे कुरकुरतात, असं कानावर आलं. विचारणारच. या छटेत काळे थेंब किती पडतील, हे सांगता आल्याशिवाय मशीन चालणार नाही. आत काय चाललंय ते न कळता नुसतं बटण दाबायचं, याला मी काम म्हणत नाही. त्यांना म्हणावं, वापरल्याने डोकं झिजत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

२३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, डोकं नाही झिजत, गिऱ्हाईक झिजतं.

आता खरं सांगते. तुझ्या प्रश्नांची उत्तरं यांनी काउंटरमागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली होती. त्यावरच चाललं होतं. समजलं कुणालाच काही नव्हतं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी ती भिंत रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी मशीन गप्प आणि गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात. तुला फोन केला तर तू म्हणालास, आता तरी शिका. दादा, तुझी दाढ ठणकत असताना डॉक्टरने आधी तुला तिची मुळं मोजायला लावली असती तर?

शेवटी कंपनीचा प्रोग्राम बसवला. बटण दाबलं की रंग येतो. कधीकधी एकाच रंगाचे दोन डबे जुळत नाहीत, का ते कुणाला सांगता येत नाही. पण दुकान उघडं आहे. तुझा प्रोग्राम काढलाय, काउंटर नाही. ये कधी, टेकून उभा राहा.

राग धर, पण थोडाच.

तुझी,
धाकटी

३० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. भिंतीला कुठली छटा दिलीस, तेवढं लिहायचं राहिलं. डबे का जुळत नाहीत ते मला ठाऊक आहे. कंपनीला विचारा.

मेहुण्यांना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे.

दादा

ता. क. त्याच कंपनीचा माणूस गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. कुणाला बोललो नाही. प्रोग्राम जसाच्या तसा घेणार होता, फक्त तो प्रश्न तेवढा काढायचा. मग तुझ्याकडे आज माझाच बसला असता, डबेही जुळले असते. मी नाही म्हटलं. पंधरा लाख देत होता.