अखाजीचा डाव आणि मुंडकीवाला गेम

१० एप्रिल, गुरुवार
टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आलं. छोटं, काळं, दोन रिमोट. आत सहाशे जुने गेम. मला एकच हवा होता. त्याचं खरं नाव आमच्या सुरतच्या लिंबायतमध्ये कधीच कुणाला माहीत नव्हतं. तरुणपणी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये सगळे मुंडकीवाला गेम म्हणायचे, कारण शेवटी हरणाऱ्याचं मुंडकं उडतं. बायकोला, रंजनाला, दाखवलं. हाई काय शे, म्हणाली. मी म्हटलं, नियोजन.

११ एप्रिल
नियोजन असं. तीस तारखेला अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. आमच्या लेकीची, अश्विनीची, लग्नानंतरची पहिलीच. जावई वैभवराव तिला घेऊन येतील, जेवतील, आणि दोन दिवसांत परत नेतो म्हणतील. तिचं सासर भेस्तानला, रिक्षाने पंचवीस मिनिटांवर. पण घरात तिचा आवाज नाही, त्याला पंचवीस मिनिटं काय करणार?
अखाजीला पुरुषांनी पत्ते घेऊन बसायचं, डाव लावायचा, ही आमची खान्देशची रीत. यंदा पत्त्यांऐवजी मुंडकी. मी जिंकलो तर अश्विनी आंबे संपेपर्यंत इथे. वैभवरावांना फोन केला. चालेल मामा, म्हणाले. आवाजात भीती जाणवली.

१३ एप्रिल, पहाटे ५
रोज चाळीस मिनिटं सराव. अठ्ठावीस वर्षं लूमवर तुटल्या धाग्याला गाठ मारणारा अंगठा आहे हा.
५.१०. पहिल्याच गड्याने माझं मुंडकं उडवलं. हात गरम व्हायचेत.
५.१२. पुन्हा. रिमोट नवीन आहे.
५.१५. पुन्हा. आता झोपतो. विश्रांती हा सरावाचाच भाग.

१६ एप्रिल
मुंडकं उडवायची बटणं नेमकी कोणती, हे विचारायला पर्वत पाटियाला उखाकडे गेलो. पार्लरमधला जुना दोस्त, आता चहाची टपरी. म्हणाला, कुंदन, तू कधी खेळलास रे? तू तर मागे उभा राहून मार, मार ओरडायचास, आमचे डबे सांभाळायचास. टपरीवरचे सगळे हसले.
उखाची स्मरणशक्ती गेलेली दिसते. बीपी तपासून घे म्हटलं.

१९ एप्रिल
अंगठा सुजला. कारखान्यात गाठ बसेना, दोन लूम अर्धा तास बंद. मास्टरने विचारलं, क्या हुआ कुंदनभाई, दरवाजे में आ गया? मी हो म्हटलं. खरं त्याला झेपलं नसतं.

२२ एप्रिल
जमलं! सलग चार मुंडकी. माझा कुऱ्हाडवाला असा काही लढला की मलाच कौतुक वाटलं. बोटांना सगळं आठवतंय. पडद्यावर खाली काहीतरी इंग्रजी लुकलुकत होतं. जाहिरात असावी.

२३ एप्रिल
सहा मुंडकी.

२७ एप्रिल
रंजनाने चहा आणला. मी रिमोट खाली ठेवून दोन घोट घेतले. ती म्हणाली, तुम्ही चहा पिताय आणि तो माणूस तिकडे एकटाच लढतोय. म्हटलं, लय लागली की असं होतं. ती म्हणाली, सुरू करायचं बटणच दाबलं नाहीये तुम्ही, मशीन स्वतःच खेळून दाखवतंय. तुमनं डोकं फिरनं का?
बटण दाबलं. आठ सेकंदांत मुंडकं गेलं. माझं.
हरकत नाही. पाच दिवस बारकाईने निरीक्षण झालं. तेही लागतंच.

३० एप्रिल, अखाजी
खापरावरची पुरणपोळी, आमरस. माझं पोट जड, वैभवरावांचंही जड असणार, म्हणजे सामना बरोबरीचा.
तीन फेऱ्या ठरल्या. पहिली जिंकलो. दुसरीही जिंकलो. वैभवरावांचा गडी जागचा हललाच नाही. माझ्या दबावाखाली गोठला. रंजना म्हणाली, जावई रिमोट मांडीवर ठेवून बसले होते, सासऱ्याचा मान राखला. बायकांना यातलं कळत नाही.
अश्विनी आंबे संपेपर्यंत राहणार!

रात्री ९
अश्विनीला निकाल सांगितला. ती म्हणाली, पप्पा, माझ्यावर डाव लावताना मला कुणी विचारलं? म्हटलं, अखाजीची रीत आहे. म्हणाली, रजा दोनच दिवसांची आहे, शुक्रवारी ऑफिसात साडीचं नवं डिझाइन द्यायचंय. म्हटलं, सांग त्यांना, पप्पा जिंकले. हसली. मग हसू थांबवून हळूच म्हणाली, पप्पा, मला तिथे करमतं.
यावर कोणतं बटण दाबायचं ते मला ठाऊक नव्हतं. वैभवराव छताकडे बघत होते.

१ मे
ती घरात होती. खेळलो नाही.

२ मे, शुक्रवार, सकाळी ७
गेली. हरलेला माणूस घेऊन गेला. रिक्षात बसताना म्हणाली, पप्पा, रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे या ना. म्हटलं, बघू, कामं असतात.
रविवारी कारखाना बंद असतो. मला काहीच काम नसतं.